कोर्ट मार्शलची कॉमेडी करताय ना, मग कर्नलची मिशी आधी काढा

परवा एका कॉलेजच्या पोरांची तालीम बघायला गेले होते. एकांकिका, विषय कोर्ट मार्शल, आणि विनोदी. कर्नलला खोटी मिशी, पोटाला उशी बांधलेली, दर दोन वाक्यांनी तो अटेन्शन म्हणून ओरडतो आणि खुर्चीला अडखळून पडतो. पोरं जीव तोडून करत होती, पण मला एकदाही हसू आलं नाही, आणि ते का आलं नाही हे घरी आल्यावरही डोक्यातून जाईना.

माझं म्हणणं एवढंच आहे की लष्करी कोर्टाची कॉमेडी करायची तर कर्नलला विदूषक करू नका. तो येडा दिसला की प्रेक्षक सुटला, त्याला वाटतं एक माणूस डोक्याने कमी होता म्हणून असं झालं. तिथल्या प्रत्येकाला आपण अगदी नियमाने चाललोय असं वाटत असतं, हसू तिथून यायला पाहिजे आणि भीतीपण तिथूनच.

ल्युसियां बेर्सोची केस घ्या. फ्रान्स, पहिलं महायुद्ध, फेब्रुवारी 1915. घोड्यांना नाल ठोकणारा माणूस, 60 नंबरच्या पायदळ रेजिमेंटमध्ये शिपाई. त्याच्या मापाची लोकरीची लाल पॅन्ट शिल्लक नव्हती म्हणून पांढरी कापडी दिलेली, ऐन थंडीत खंदकात तीच घालून उभा. त्याने लोकरीची मागितली तर मिळाली ती मेलेल्या शिपायाची, फाटकी, रक्ताने भरलेली. हा म्हणाला, नाही घालणार. आठ दिवस कैद झाली, इथे विषय संपायला हवा होता. पण रेजिमेंटवर नुकताच आलेला कर्नल ओरू, त्याला नवीन भरतीच्या लोकांना शिस्त दाखवायची होती, आठ दिवस त्याला कमी वाटले. मग स्पेशल कोर्ट मार्शल, तीन न्यायाधीश, वर अपील नाही, आणि अध्यक्ष कोण तर खटला भरवणारा तोच कर्नल! शत्रूसमोर हुकूम मोडला तर मृत्युदंड असा कायदा, आणि इथे नकार दिला तो आघाडीच्या मागे, शत्रू समोर नव्हताच. तरी 13 फेब्रुवारीला बेर्सोला गोळ्या घातल्या. गयावया करायला गेलेल्या दोन सोबत्यांना उत्तर आफ्रिकेत सक्तमजुरी.

आता कुणीतरी म्हणणारच, माणूस मेलाय आणि तुम्हाला कॉमेडी सुचते? मला वाटतं ह्याला कॉमेडीच पाहिजे. रडवणारं नाटक केलं की लोक डोळे पुसून घरी जातात. इथे लोकांनी खळखळून हसावं आणि आपण कशावर हसलो ते मग अंगावर यावं.

मी केली असती तर तीन खुर्च्या, एक टेबल आणि टेबलावर घडी घातलेली ती पॅन्ट. बास. साहेब लोक माप विचारतात, स्टोअरच्या रजिस्टरला एन्ट्री आहे का विचारतात, बटणं मोजायला लावतात, सगळं अतिशय सभ्यपणे. रक्ताबद्दल कुणीच विचारत नाही. पण कारकुनाला पुरावा म्हणून ती उचलून दाखवायची आहे, तर तो चिमटीत धरतो, हात लांब करून, स्वतःच्या स्वच्छ कोटाला लागू नये म्हणून. तिथे हसू येईल बघा. आणि कर्नल पाणी पिताना ग्लास पॅन्टपासून थोडा बाजूला सरकवतो, एवढंच, डायलॉग नको.

1922 च्या जुलैमध्ये फ्रान्सच्या वरच्या कोर्टाने बेर्सोला निर्दोष ठरवलं. तो सीन शेवटी लावायचा मोह होईल, पण माझ्या मते लावू नये, प्रेक्षकाला ती सुटका आयती कशाला द्यायची.

काल पोरांना हे सगळं सांगितलं. वाद झाला, कर्नल करणारा रुसला, पण मिशी आणि उशी दोन्ही गेली. मग पॅन्ट शिवून घ्यायला गेलो तर शिंपीकाकांनी टेप काढला, म्हणाले हिरोला उभं करा, माप घेतो. दिग्दर्शन करणारी पोरगी म्हणाली, "काका, त्याचं माप नको, दुसऱ्या कुणाची तरी वाटली पाहिजे."