ती लांब शेपटीवाली तांबूस 'मादी' नाहीये हो

दोन दिवस झाले व्हॉट्सअ‍ॅपवर तोच फोटो फिरतोय, स्वर्गीय नर्तकाचे दोन पक्षी, एक पांढराशुभ्र आणि एक तांबूस, दोघांच्याही शेपट्या लांबलचक, आणि खाली लिहिलंय "नर-मादीची दुर्मीळ जोडी". फोटो झकास आहे पण जोडी वगैरे काही नाही, दोन्ही नरच आहेत.

मादी तांबूस असते हे खरं, पण तिची शेपटी आखूड, साधारण बुलबुलाएवढीच दिसते, आणि गळा राखाडी. नराचा गळा डोक्यासारखाच काळाभोर. तरुण नर सुरुवातीची दोन-तीन वर्षं तांबूसच असतो, पहिल्या वर्षी शेपटीही आखूड, लांब फिती येतात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, पांढरा होतो त्यानंतर, आणि गंमत म्हणजे तांबूस असतानाही तो घरटं करून पिल्लं वाढवतो, त्यामुळे लोकांचा घोळ होणारच ना. बरं, अंडी उबवायला नर-मादी दोघंही आळीपाळीने बसतात, म्हणजे घरट्यात बसलेला पक्षी मादीच असणार असंही धरू नका, आधी शेपटी बघा मग गळा.

आणि तो पांढरा 'अल्बिनो' (अंगात रंगद्रव्यच नसलेला) पण नाही, डोकं काळं कुळकुळीत दिसतंय की!