नाडी नियमित लागते म्हणून गुठळीचा धोका टळलेला नसतो

पेसमेकर बसवलेल्या रुग्णांना उद्देशून लिहिलेला एक मजकूर व्हॉट्सॲपवर घरोघरी फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे आहे: यंत्र ठोके सांभाळू लागले की गुठळी होत नाही, म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद कराव्यात, फारच भीती वाटली तर इकोस्प्रिन (म्हणजे ॲस्पिरिन) घ्यावी, बॅटरी बदलायची असेल तर आठ दिवस आधी सगळ्या गोळ्या थांबवाव्यात, आणि पेसमेकरच्या तारांवर साचलेली गुठळी मेंदूत जाऊन अर्धांगवायू होतो. सुरुवातीला गुठळी होतच नाही आणि शेवटी ती यंत्रामुळेच होते, ही विसंगती मजकूर पुढे पाठवणाऱ्यांच्या नजरेतून सुटलेली दिसते.

यांतला पहिला मुद्दा सर्वांत घातक आहे, कारण तो सहज पटतो. पेसमेकर हृदयाची गती ठरावीक मर्यादेखाली जाऊ देत नाही. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची विस्कळीत थरथर, हा निराळा विकार आहे आणि तो पेसमेकरने बरा होत नाही. वरचे कप्पे नीट आकुंचन पावेनासे झाले की डाव्या कप्प्याला लागून असलेल्या लहानशा पिशवीत रक्त रेंगाळते आणि तिथे गुठळी धरते. झडपांचा मोठा आजार नसलेल्या अशा रुग्णांच्या हृदयात सापडणाऱ्या गुठळ्यांपैकी सुमारे ९० टक्के याच पिशवीत असतात. ती सुटली की थेट मेंदूपर्यंत पोहोचू शकते. या विकारात पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट मानतात तो याचमुळे.

दोन तारांच्या पेसमेकरची तपासणी पाहिली तर फसगत कुठे होते हे चटकन कळते. यंत्राच्या जागी छातीवर तळहाताएवढे चपटे उपकरण ठेवले की पडद्यावर आलेख सरकू लागतो. खालच्या कप्प्याच्या ओळीत मिनिटाला ७० अशा समान अंतरावरच्या रेघा असतात, तर वरच्या कप्प्याच्या ओळीत मिनिटाला चारशेच्या आसपास, दाटीवाटीने, वेड्यावाकड्या खुणा उमटत असतात. त्याच माणसाच्या बोटाला घरी ऑक्सिमीटर लावला तर तो शांतपणे ७० दाखवतो आणि घरचे म्हणतात, ‘बाबांचे ठोके आता अगदी बरोबर आहेत.’ ते म्हणतात ते नाडीपुरते खरे आहे, पण गुठळी जिथे धरते त्या कप्प्याची खबर नाडी देत नाही.

या दाव्यात तथ्याचा अंश आहे, तोही सांगायला हवा. केवळ हार्ट ब्लॉकसाठी, म्हणजे हृदयातले विद्युत संदेश अडून ठोके मंदावल्यामुळे, पेसमेकर बसवला असेल आणि एट्रियल फिब्रिलेशन, कृत्रिम झडप किंवा पूर्वीची गुठळी यांपैकी काहीच नसेल, तर यंत्र आहे एवढ्याच कारणाने रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या लागत नाहीत. मात्र पेसमेकर स्वतःच्या स्मृतीत थरथरीचे मूक झटकेही नोंदवतो. ६५ वर्षांवरील, रक्तदाब असलेल्या आणि हा विकार पूर्वी कधी न आढळलेल्या २,५८० रुग्णांच्या २०१२ मधील अभ्यासात पहिल्या तीन महिन्यांतच सुमारे १० टक्क्यांत असे झटके सापडले, आणि त्यांच्यात पक्षाघात व तत्सम घटनांचा धोका अडीच पटींच्या आसपास होता. अशा अल्पकालीन झटक्यांसाठी गोळी द्यावी का, हा मात्र खरोखरच नाजूक प्रश्न आहे, कारण ॲपिक्साबॅन या रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळीने पक्षाघात घटतात तसा मोठा रक्तस्रावही वाढतो. म्हणून वय, मधुमेह, रक्तदाब, पूर्वीचा पक्षाघात यांचा हिशेब मांडून डॉक्टरांनी प्रत्येकाचा निर्णय वेगळा घ्यावा लागतो.

इकोस्प्रिनविषयी फार लिहिण्याची गरज नाही. वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी जुनी गोळी न चालणाऱ्या एट्रियल फिब्रिलेशनच्या रुग्णांत ॲपिक्साबॅन आणि ॲस्पिरिन यांची तुलना २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. पक्षाघात वा तत्सम घटनांचे वार्षिक प्रमाण अनुक्रमे १.६ आणि ३.७ टक्के निघाले, आणि मोठ्या रक्तस्रावात लक्षणीय फरक आढळला नाही. ॲस्पिरिन सौम्य म्हणून सुरक्षित, या समजाला त्यात आधार मिळत नाही.

बॅटरी बदलण्याआधी आठ दिवस गोळ्या थांबवण्याचा सल्ला जुन्या पद्धतीचा अवशेष आहे. पूर्वी वॉरफरिन थांबवून मधल्या काळात रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनची इंजेक्शने देत असत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, कॅनडातील डॉक्टरांच्या नेतृत्वाखालील चाचणीत ही पद्धत आणि वॉरफरिन चालू ठेवूनच शस्त्रक्रिया करणे यांची तुलना झाली. यंत्र ठेवलेल्या त्वचेखालच्या खिशात त्रासदायक रक्त साचण्याचे प्रमाण हेपॅरिनच्या गटात १६ टक्के, तर गोळी चालू ठेवलेल्यांत अवघे ३.५ टक्के निघाले. निकाल उलटा वाटतो खरा. पण गोळी चालू असताना जिथून रक्त झिरपते ते टाके घालण्याआधीच सर्जनला दिसते आणि तिथेच थांबवता येते, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. नव्या गोळ्या काही वेळा एक-दोन दिवस थांबवतात, काही वेळा थांबवत नाहीत. ते शस्त्रक्रिया करणाऱ्याने सांगायचे. कृत्रिम धातूची झडप असलेल्या रुग्णाने फॉरवर्ड वाचून आठ दिवस गोळी बंद करणे म्हणजे झडपेवरच गुठळी धरण्याला वाव देणे आहे.

राहिल्या तारा. पेसमेकरच्या नेहमीच्या तारा शिरेतून हृदयाच्या उजव्या बाजूला जातात, त्यामुळे त्यांच्यावरची गुठळी सुटलीच तर फुप्फुसाकडे जाते. मेंदूकडे जाण्यासाठी हृदयाच्या दोन बाजूंमध्ये छिद्र असावे लागते. तारांमुळे शीर काहीशी अरुंद होणे पुष्कळांत आढळते आणि बहुतेकांना ते जाणवतही नाही. मात्र यंत्राच्या बाजूचा हात सुजला, जड वाटू लागला, खांद्याजवळच्या शिरा फुगून दिसू लागल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून सोनोग्राफी करून घ्यावी. गुठळी निघाली तर सहसा किमान तीन महिने रक्त पातळ करणाऱ्या याच गोळ्या द्याव्या लागतात, आणि तारा बहुधा जागच्या जागी राहतात.