बँकेला उगाच त्रास देऊ नका

पाय मोडला, आत रॉड घातला, चार महिने पगार नाही, तरी ५ तारखेला हप्ता बाउन्स झाल्याचा मेसेज वेळेवर येतोय ना? मग सगळं व्यवस्थित चाललंय. अशात घरातलं कुणीतरी हमखास म्हणणार, अहो लोन घेताना इन्शुरन्स पण काढला होता ना आपण? त्यांना आधी गप्प करा. लोनबरोबरचा इन्शुरन्स काढायला असतो, वापरायला नाही.

आठवा तो दिवस. लोन घेताना बँकेतल्या साहेबांनी पेन्सिलने फुल्या मारून दिलेल्या आणि तुम्ही फुली दिसेल तिथे सही ठोकत गेलात, त्यातच एका कागदावर होतं की मी स्वखुशीने विमा घेत आहे. तुमची खुशी एवढीच होती की चेक लवकर निघावा. साहेब म्हणाले, सर हे कंपल्सरी आहे. तशी सक्ती करता येत नाही असा नियम आहे, पण नियम दाखवून लोन पास करून घेतलेला माणूस पाहिलाय का कधी?

शिवाय प्रीमियम तुम्हाला खिशातून कुठे द्यावा लागला, तो लोनमध्येच घातला. केवढी सोय! समजा ४० हजारांचा प्रीमियम, ९ टक्के व्याज, २० वर्षं, म्हणजे फिटेपर्यंत साधारण ८६ हजार. पॉलिसी मात्र बऱ्याचदा ५ वर्षांचीच असते, म्हणजे उरलेली १५ वर्षं तुम्ही संपलेल्या पॉलिसीचे हप्ते मनोभावे भरत राहायचे.

तरीही हौस म्हणून क्लेम टाकलाच, तर नकाराचं पत्र येईल. ते जपून ठेवू नका, आणि वाचू तर अजिबात नका. वाचलंत तर कळेल की 'कायमचं पूर्ण अपंगत्व' म्हणजे दोन्ही डोळे, किंवा दोन्ही हात, किंवा दोन्ही पाय, नाहीतर यातल्या दोन अवयवांपैकी एकेक, जसं एक डोळा आणि एक पाय, कायमचे जाणं. तुमचा एकच पाय, तोही जागेवर, नुसता मोडलेला! थोडा अभ्यास कमी पडला तुमचा. आता त्याच पॉलिसीत तात्पुरत्या अपंगत्वाचे आठवड्याला पैसे किंवा दोन-तीन ईएमआय असं काहीतरी कलम असू शकतं, पण ते शोधायला सर्टिफिकेट ऑफ इन्शुरन्स, म्हणजे विम्याच्या अटींचा कागद, लागतं, ते तुम्हाला कधी मिळालंच नाही, आणि बँकेकडे लेखी मागायचं म्हणजे किती अवघडल्यासारखं होतं ना. एवढी वर्षं चहा विचारला त्यांनी.

उशिरा कळवलं म्हणून क्लेम नाकारला असेल तर मान खाली घालून ऐका. सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये म्हटलंय की उशिराला खरं कारण असेल तर नुसत्या उशिरावर बोट ठेवून क्लेम उडवायचा नाही. २०२२ मध्ये हेही म्हटलंय की ग्राहकाला नीट न सांगितलेलं वगळणुकीचं कलम, म्हणजे 'याचे पैसे मिळणार नाहीत' ही अट, मागाहून त्याच्या डोक्यावर मारता येत नाही. पण शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, आणि दुसऱ्याने चढलेली पायरी दाखवून तर मुळीच बोलू नये.

तिकडे ब्रिटनमधल्या लोकांना ही रीतभात नव्हती. तिथे लोन आणि क्रेडिट कार्डबरोबर असाच पीपीआय नावाचा, आजारपणात किंवा नोकरी गेल्यावर हप्ते भरणारा विमा गळ्यात मारलेला, अगदी स्वतःचा धंदा करणाऱ्यांनाही, ज्यांना बेकारीचे पैसे त्यातून मिळणं मुश्कीलच होतं. लोक तक्रारी करत सुटले, २९ ऑगस्ट २०१९ ही शेवटची तारीख ठेवावी लागली, आणि बँकांचे ३८ अब्ज पौंड गेले. काय वाटलं असेल बिचाऱ्या बँकांना!

म्हणून विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जायचं नाही. ऑफिस मुंबईत आहे, पुण्यातही आहे, तक्रार ऑनलाइन करता येते, फी शून्य, वकील लागत नाही, उलट चालतच नाही, ५० लाखांपर्यंतचं प्रकरण घेतात आणि निकाल कंपनीवर बंधनकारक. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभर थांबायचं, एवढंच. पण फुकट ते पौष्टिक हे जेवणापुरतं ठीक आहे.

बँकेलाही लेखी कळवू नका की अपघात झालाय, हप्ते पुढे ढकला, मुदत वाढवून द्या. ९० दिवस हप्ते थकवा, खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, होऊ द्या, मग वसुलीवाले स्वतःच चौकशीला फोन करतील. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर त्यांना फोन करायची मनाई आहे. पण रात्री १० ला आला तर उचला, स्क्रीनशॉट काढू नका, माणुसकी म्हणून. आणि बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तरी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाला मध्ये ओढू नका, घरातल्या गोष्टी घरात राहू द्या.

विमा लोकपालाची मुदत नकारापासून एक वर्ष असते. तेवढं काढणं काही अवघड नाही, आधी फिजिओ, मग गणपती, दिवाळी, मुलांच्या परीक्षा, लग्नसराई. वर्ष उलटल्यावर एखादा आगाऊ मित्र सांगेलच की अरे ग्राहक आयोगात दोन वर्षं असतात, विम्यासाठी भरलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फीसुद्धा नाही. त्याचा नंबर ब्लॉक करा.