एका लाथेवरून मोडीत काढलेली रोंडा

अमेरिकेची एमएमए (ठोसे, लाथा, कुस्ती, ज्यूदो सगळं चालणारी पिंजऱ्यातली लढत) फायटर रोंडा राउझी, तिचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरतो: 'बाईला एकच डाव यायचा, समोर लिंबूटिंबू उभ्या करायचे, पहिली खरी फायटर भेटली आणि एका लाथेत पितळ उघडं पडलं.' सोबत मेलबर्नची क्लिप असतेच. 15 नोव्हेंबर 2015, हॉली होल्मची डावी लाथ मानेवर, खेळ खलास.

आधी 'एकच डाव'. बारा विजयांपैकी नऊ आर्मबारने (समोरचीचा हात ताणून कोपर उलटं वाकवायचा डाव), हे खरंच आहे. पण हुकमी डाव असणं हा पैलवानाचा दोष कधीपासून झाला? ती हातच धरणार हे समोरचीला ठाऊक असायचं, तरी हात सुटायचा नाही. कारण आर्मबार हा नुसता शेवट, खरं काम त्याआधीचं. ज्यूदोत जॅकेट धरून फेकतात; पिंजऱ्यात जॅकेट कुठलं? म्हणून ती मानेला आणि दंडाला विळखा घालायची, कंबर आत घुसवायची आणि कंबरेवरून उलथवायची. समोरची जमिनीवर पोचेपर्यंत तिचा हात हिच्या काखेत आलेला असायचा. आई ॲनमरिया दे मार्स म्हणजे 1984 ची ज्यूदो विश्वविजेती, तो मान मिळवणारी पहिली अमेरिकन. लेकीला सकाळी अंथरुणातच आर्मबार लावून उठवायची. अशा घरात दुसरं काय येणार!

आणि दुसरं येतच नव्हतं असंही नाही. सारा मॅकमनला यकृतावर गुडघा बसला, बेथ कोरेयाला 34 सेकंदांत ठोसे.

आता 'लिंबूटिंबू'. हीच मॅकमन अथेन्स 2004 मध्ये कुस्तीचं रौप्यपदक घेऊन आलेली. कॅट झिंगानो तोवर अपराजित होती आणि तिनं आधी मीशा टेट व अमांडा नुनेस दोघींना हरवलं होतं. रोंडानं तिला 14 सेकंदांत संपवलं. आणि मीशा टेट? रोंडाकडून दोनदा हरलेली. तिनंच मार्च 2016 मध्ये होल्मचा गळा आवळून विजेतेपदाचा पट्टा हिसकावला. या साखळीतली कुठली कडी लिंबूटिंबू, ते क्लिपवाल्यांनीच सांगावं.

'खरी कसोटी कधी लागलीच नाही' म्हणणाऱ्यांनी फेब्रुवारी 2013 ची लढत बघावी. यूएफसी या एमएमए लढती भरवणाऱ्या अमेरिकन कंपनीतली बायकांची पहिलीच लढत. लिझ कार्मुश पाठीवर चढली, जबडा-मान पिळायला लागली. रोंडा तशीच उभी, पाठीवर ओझं घेऊन. शेवटी तिला झटकून खाली पाडलं आणि फेरी संपायला 11 सेकंद उरलेली असताना आर्मबार लावून लढत जिंकली. दोनच वर्षांपूर्वी यूएफसीचे प्रमुख डेना व्हाइट म्हणाले होते की इथे बायका कधीच लढणार नाहीत.

रोंडाचं बीजिंग ऑलिंपिकमधलं 2008 चं ज्यूदोचं कांस्य 'नुसतं कांस्य' म्हणून उडवतात. महिला ज्यूदोत अमेरिकेला मिळालेलं ते पहिलं ऑलिंपिक पदक होतं.

राहिली मेलबर्नची लाथ. तिथे मी रोंडाची बाजू घेणार नाही. होल्म बॉक्सिंगची माजी विश्वविजेती. पाय हलते ठेवून बाजूला सरकायची, आणि रोंडा नाकासमोर धावत सुटायची, डोकं न हलवता, ठोसे खात. बॉक्सरशी बॉक्सिंग करायला जाणं ही तिची आणि तिच्या कोपऱ्यातल्या प्रशिक्षकांची चूक. तेरा महिन्यांनी नुनेससमोर तीच चूक परत केली. त्या वेळी 48 सेकंदच पुरले.