सहा कोड म्हणजे सहा बिघाड नव्हेत

पावसाळा लागला की गाडीच्या बिघाडाबद्दल एक मेसेज फिरू लागतो. यंदा गोव्यातल्या डिचोलीत माझ्याकडे तिघे तो घेऊन आले: 'स्कॅनरवर एकदम पाच-सहा कोड आले की ईसीयू गेला समजा. कोडमध्ये ज्या सेन्सरचं नाव, तो बदला. नाहीतर बॅटरीची वायर दहा मिनिटं काढा, गाडी बरी होते.' ईसीयू म्हणजे इंजिन सांभाळणारा गाडीतला संगणक, आणि कोड म्हणजे बिघाड दिसला की गाडी नोंदवते तो नंबर, जो स्कॅनर लावून वाचतात. हा मेसेज वाचून लोक हजारो रुपये घालवतात, म्हणून लिहितोय.

आधी ईसीयू. गाडीतले सगळे मॉड्यूल, म्हणजे ईसीयूसारखे छोटे संगणक, एकाच बॅटरीवर आणि मोजक्या अर्थ पॉइंटवर (मायनसची तार बॉडीला जोडलेली जागा) चालतात. एक अर्थ खराब झाला की त्यावरचे सगळेच ओरडतात. गेल्या महिन्यात एक गाडी आली, एबीएस (ब्रेकची यंत्रणा), स्टिअरिंग, चेक इंजिन, सगळे दिवे पेटलेले. कोडमध्ये पी०५६२, म्हणजे व्होल्टेज कमी, आणि यू०१२१, म्हणजे एबीएसशी संपर्क तुटला. मालकाला एका गॅरेजने ईसीयू बदलायला सांगितलं होतं. बॅटरी १२.५ व्होल्ट, ठणठणीत. हेडलाइट आणि ब्लोअर चालू करून बॅटरीचा मायनस आणि बॉडी यांच्यात मल्टिमीटर लावला, तर १.४ व्होल्ट! तिथे ०.२ च्या वर जाता कामा नये. बॅटरीचा ट्रे काढला. खाली अर्थच्या थिंबलवर (तारेच्या टोकाची धातूची कडी) हिरवट-पांढरी भुकटी साचलेली, बोट लावताच अर्ध्या तारा तुटून हातात आल्या. आपल्याकडची खारी हवा आणि चार महिन्यांची ओल, दुसरं काय होणार? नवं थिंबल, बोल्टखालचा रंग खरवडून उघडा पत्रा, वरून व्हॅसलीन. कोड पुसले, ते परत आले नाहीत.

सेन्सरचं म्हणाल तर कोड सर्किटचं नाव सांगतो, पार्टचं नाही. कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, तापमान सेन्सरचा कपलर (वायरचा प्लग) नुसता निघाला तरी पी०११८ येतो. सेन्सर चांगलाच असतो. शिवाय बरेच सेन्सर ५ व्होल्टच्या एकाच लाइनवर असतात. त्यातला एक शॉर्ट झाला की बाकीच्यांचेही कोड येतात. एकेक कपलर काढत जा. जो काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात, चोर तिथेच. कुठलाच सापडला नाही तर वायर कुठे घासली आहे ते पाहा.

बॅटरीची वायर काढणं तर पुरावा पुसणंच. कोड आला तेव्हाचा वेग, आरपीएम, तापमान बऱ्याच गाड्यांत त्यासोबत नष्ट होतं. आधी सगळं वहीत लिहा, मग स्कॅनरने पुसा, गाडी फिरवा आणि कुठला कोड पहिला परततो ते बघा.

ईसीयू कधीच जात नाही असं मी म्हणत नाही. पाणी शिरलं तर जातो. पण आधी त्याचा सप्लाय, त्याचा अर्थ आणि कॅन लाइन, म्हणजे मॉड्यूल ज्यांवरून एकमेकांशी बोलतात त्या दोन तारा, तपासा. बॅटरी सोडवून स्कॅनर सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांत बहुतेक गाड्यांत साधारण ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एका टोकाचा रेझिस्टर किंवा वायर तुटली आहे, शून्याजवळ आले तर दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. हे सगळं बरोबर निघालं आणि कोड तरीही परतले, तेव्हाच मी ईसीयूला हात लावतो.