‘ज्याला कालावधी काढता येत नाही…’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

झोळीवरच्या लेखाखाली काल रात्री एक प्रतिक्रिया आली. तिथेच दोन ओळी खरडाव्यात म्हणून बसलो, तर उत्तर इतकं वाढलं की वेगळं टाकावं लागतंय. ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बांधकामाच्या शेड्यूलमध्ये, म्हणजे कामांच्या वेळापत्रकात, सुपरव्हिजन, क्वालिटी, सेफ्टी, क्रेन, पाणी उपसणारे पंप अशी आधाराची कामं असतात. त्यांना आपल्या मनाने कालावधी देऊ नये. ज्या कामांना ती आधार देतात त्यांच्या पहिल्या आणि शेवटच्या टोकाला ती बांधावीत आणि लांबी सॉफ्टवेअरला काढू द्यावी, एवढंच मी लिहिलं होतं. याला हॅमॉक म्हणतात, प्रिमाव्हेरा पी६ या शेड्यूलच्या सॉफ्टवेअरमध्ये हे काम लेव्हल ऑफ एफर्ट, म्हणजे एलओई, या प्रकाराने होतं. मी झोळी म्हणतो, कारण दोन खुंट्या हलल्या की तीही ताणते किंवा आखडते.

प्रतिक्रिया अशी, कानामात्राही न बदलता:

‘लेखकमहाशय, ज्याला कालावधी काढता येत नाही तो एलओई टाकतो. पंपाला आणि सुपरवायझरलाही सुरुवात-शेवट असतो, तो काढा की! तुमची झोळी कामाबरोबर मुकाट्याने लांबत जाते आणि उशीर झाकते. अर्न्ड व्हॅल्यूत तर ती कायम वेळेवरच! एमएस प्रोजेक्टमधली तुमची पेस्ट लिंकची युक्ती फाइल हलवली की तुटते. आणि एलओईला कन्स्ट्रेंट लावा असं लिहिताना पी६ उघडून तरी पाहिलं होतं का?’

आधी चूक कबूल करतो. कन्स्ट्रेंटबद्दल तुमचं बरोबर आहे. पी६ मध्ये एलओईला कन्स्ट्रेंट, म्हणजे तारखेचं बंधन, लावताच येत नाही. झोळी ज्या माइलस्टोनला (टप्प्याची खूण, जिला कालावधी नसतो) बांधली आहे त्याला लावा, असं मला म्हणायचं होतं, वाक्य घाईत भलतीकडे गेलं. आज सकाळी ते दुरुस्त केलं आणि दुरुस्ती केल्याची नोंदही खाली टाकली. आभार. चूक दाखवणाऱ्याचे आभार मानायची मला सवय आहे, दाखवायची रीत कशीही असली तरी.

पण ‘पी६ उघडून तरी पाहिलं होतं का’ हे काय आहे? अहो, पी६ च्या आधीच्या पी३ मध्ये ॲक्टिव्हिटीच्या प्रकारांच्या यादीत हॅमॉक हा शब्द सरळ लिहिलेला असायचा, तेव्हापासून मी झोळ्या बांधतोय. पी६ च्या यादीत सहा प्रकार आहेत: टास्क डिपेंडंट, रिसोर्स डिपेंडंट, लेव्हल ऑफ एफर्ट, स्टार्ट माइलस्टोन, फिनिश माइलस्टोन आणि डब्ल्यूबीएस समरी. यादी न बघता लिहिली आहे, हवं तर ताडून घ्या. ‘महाशय’ हा शब्दही मला कळतो. आमच्या पिढीत तो आदराने वापरत, तुमच्या वाक्यात तो कशासाठी आला आहे ते कळायला चष्मा लागत नाही. हाच मुद्दा ‘एलओईला कन्स्ट्रेंट लागत नाही, लेखात चूक आहे’ एवढ्या सात शब्दांत मावला असता. तुम्ही प्रश्नचिन्ह आणि टोमणा जोडलात. असो.

आता तुमचं पहिलं वाक्य. ‘ज्याला कालावधी काढता येत नाही तो एलओई टाकतो.’ बाकीची प्रतिक्रिया मी एकदा वाचली, हे वाक्य तीनदा.

तुम्ही पंपाचं नाव काढलंत, तर पंपच घेऊ. पाया खणायला घेतला, पाणी लागलं की पंप बसतो. बांधकाम पाण्याच्या पातळीच्या वर येऊन भराव पडेपर्यंत तो चालतो. काढा त्याचा कालावधी. तुम्ही काय करणार ते मला दिसतंय: खोदाई २१ दिवस, पीसीसी (तळाचं साधं काँक्रीट) ४, राफ्ट (पायाचा स्लॅब) ३०, भिंती २८, भराव १४, बेरीज ९७. मग पंपाच्या ओळीत ९७ टाइप करणार आणि ‘मी कालावधी काढला’ म्हणून पाठ टेकणार. पुढच्या अपडेटला राफ्टचे ३० चे ३८ होतात. पंपाचे ९७ चे १०५ कोण करणार? तुम्ही. कधी? आठवलं तर.

यात तुम्ही काढलंत काय? पाच ओळींची बेरीज सहाव्या ओळीत उतरवलीत. पंपाला स्वतःचा असा कालावधीच नसतो. तो खोदाईच्या सुरुवातीला आणि भरावाच्या शेवटाला बांधलेला असतो. खोदाईकडून पंपाला स्टार्ट-टू-स्टार्ट (सुरुवातीला सुरुवात), भरावाकडून पंपाला फिनिश-टू-फिनिश (शेवटाला शेवट), प्रकार एलओई, दोन लिंकांत काम संपलं. राफ्ट लांबला की पंप आपोआप १०५. हे न येणारा माणूस करतो म्हणता? माझ्या अनुभवात हे न येणारेच ९७ टाइप करतात.

अनुभव म्हटलं म्हणून सांगतो. उमेदवारीतली गोष्ट आहे. एका उंच इमारतीचं शेड्यूल माझ्याकडे होतं आणि आमचे वरिष्ठ होते तुमच्याच पंथाचे. आधाराच्या कामांच्या ६४ ओळी, प्रत्येकीला हाताने टाइप केलेले दिवस. टॉवर क्रेन १८० दिवस. का १८०, तर बेसलाइन, म्हणजे मूळ शेड्यूल, केली त्या दिवशी स्ट्रक्चर १८० दिवसांचं होतं. सातव्या का आठव्या अपडेटला स्ट्रक्चर ४९ दिवसांनी लांबलं. मी डेटा डेट (ज्या दिवसापर्यंतची प्रगती भरली ती तारीख) पुढे नेली, एफ९ दाबून शेड्यूल पुन्हा काढलं. स्लॅबचे बार, म्हणजे स्क्रीनवरच्या कामांच्या आडव्या पट्ट्या, एकापाठोपाठ एक उजवीकडे सरकले. क्रेनचा बार जागचा हलला नाही. स्क्रीनवर खाली वरच्या चार मजल्यांचे बार, त्यांच्या डोक्यावर नुसती मोकळी जागा. क्रेन केव्हाच संपलेली. हिस्टोग्राममध्ये (कधी किती माणसं लागतात त्याच्या आलेखात) ऑपरेटरचा खांब तिथे सुरीने कापल्यासारखा शून्यावर आलेला.

पुढच्या बैठकीत यंत्रसामग्री बघणाऱ्या माणसाने तोच कागद पुढे करून विचारलं, ‘क्रेन या तारखेला परत द्यायची ना?’ त्याचं काय चुकलं? कागद तेच सांगत होता. त्या रात्री मी ६४ ओळी हाताने दुरुस्त करायला बसलो. पहाटे अडीचपर्यंत ६१ झाल्या. राहिलेल्या तीनपैकी एक सेफ्टी ऑफिसरची होती. म्हणजे पुढचा आख्खा महिना आमच्या शेड्यूलप्रमाणे लोक सेफ्टी ऑफिसरशिवाय उंचावर काम करत होते. ‘कालावधी काढता येतो’ अशा लोकांनी काढलेले कालावधी होते ते, महाशय.

याची उलटी बाजू तर तुम्ही विचारातच घेतलेली दिसत नाही. सुपरव्हिजनला १८० दिवसांची साधी टास्क डिपेंडंट ॲक्टिव्हिटी करा आणि शेवटाला बांधा. उद्या काम दहा दिवस आधी आटोपलं तर? सुपरव्हिजनचे १८० पुरे व्हायचे आहेत म्हणून शेवटची तारीख तिथेच अडून बसते. काम संपलं, देखरेख संपत नाही, म्हणून प्रोजेक्ट चालू! क्रिटिकल पाथवर, म्हणजे शेवटची तारीख ठरवणाऱ्या कामांच्या साखळीत, सुपरवायझर. अमेरिकी सरकारचा हिशोब तपासणाऱ्या जीएओचं शेड्यूल तपासणीचं मार्गदर्शक हेच सांगतं, की एलओई क्रिटिकल पाथवर असता कामा नये. आणि तिथल्या संरक्षण खात्याची कंत्राटं सांभाळणाऱ्या डीसीएमएची १४ मुद्द्यांची तपासणी घ्या. ४४ कामाच्या दिवसांपेक्षा लांब ॲक्टिव्हिटी पाच टक्क्यांच्या आत हव्यात असा तिचा एक मुद्दा आहे, आणि मोजताना एलओई वगळतात. तुमच्या त्या १८० दिवसांच्या ओळी एलओई नसल्या तर सगळ्या त्या मोजणीत सापडतील. मग काय, सुपरव्हिजनचे पाच तुकडे करणार? करणारे पाहिलेत मी. ‘सुपरव्हिजन भाग १’, ‘सुपरव्हिजन भाग २’.

एवढं या एका वाक्यावर का लिहितोय, असं कुणी विचारेल. कारण ‘येत नाही’ हा शब्द मी बैठकांमध्ये फार ऐकला आहे, आणि तो बहुतेक वेळा अशा माणसाकडून ऐकला आहे ज्याच्या स्वतःच्या फाइलीत अर्ध्या ॲक्टिव्हिटींना सक्सेसर (पुढचं जोडलेलं काम) नसतो. तुमची फाइल मी पाहिलेली नाही, तेव्हा तुमच्याबद्दल काही म्हणत नाही.

बाकीचे मुद्दे भराभर घेतो.

झोळी लांबत जाते आणि उशीर झाकते. लांबते, त्यासाठीच ती आहे. झाकते की दाखवते ते ड्युरेशन टाइपवर, म्हणजे कालावधी बदलला की तास बदलायचे की नाही या सेटिंगवर, ठरतं, आणि ते लेखात होतं. क्रेनच्याच ओळीवर ऑपरेटर रोज ८ तास धरा. १८० दिवसांचे १,४४० तास. फिक्स्ड ड्युरेशन अँड युनिट्स/टाइम ठेवलंत तर झोळी २२९ दिवसांची झाली की तास १,८३२ होतात. उशिराचे ३९२ तास समोर उभे, त्यांना दर लावा, खर्च आला. फिक्स्ड युनिट्स ठेवलंत तर तास १,४४० च राहतात, आणि सॉफ्टवेअरच्या हिशोबाने ऑपरेटर रोज सहा तास सतरा मिनिटं काम करून खाली उतरतो. तेव्हा उशीर झाकला जातो, मान्य. पण तो सेटिंग लावणाऱ्याने झाकला. झोळीने काय केलं त्यात?

अर्न्ड व्हॅल्यू, म्हणजे झालेल्या कामाची बजेटमधली किंमत. एलओईचं अर्न्ड हे प्लॅन्डइतकंच धरतात, म्हणून तिचं शेड्यूल व्हेरियन्स (त्या दोहोंतला फरक) कायम शून्य. हा काही तुम्ही लावलेला शोध नाही, पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात असतं. एलओई वेगळी काढून खऱ्या कामाचा एसपीआय (अर्न्ड भागिले प्लॅन्ड) वेगळा दाखवायचा, संपलं. माझ्या एका कामावर बजेटचा ४० टक्के भाग एलओईत होता. खरं काम नियोजनाच्या ७० टक्क्यांवर अडकलेलं आणि एकत्र एसपीआय ०.८२ येत होता. ०.८२ बघून कुणी दचकलं नाही हे खरं, ०.७० बघून कदाचित दचकले असते. पण ४० टक्के एलओईत टाकायचं आमच्यापैकी कुणी ठरवलं नव्हतं, ते कामाच्या करारातच तसं आलं होतं, आणि तो विषय इथे नाही.

एमएस प्रोजेक्ट. हो, तुटते. त्यात हॅमॉक असा प्रकारच नाही, म्हणून पहिल्या कामाच्या स्टार्टचा सेल आणि शेवटच्या कामाच्या फिनिशचा सेल कॉपी करून पेस्ट लिंक करावी लागते. फाइलचं नाव किंवा जागा बदलली की लिंक रुसते. लेखाच्या शेवटून दुसऱ्या परिच्छेदात हे लिहिलेलं आहे. तिथपर्यंत आपण पोहोचला नसाल.

खरं सांगायचं तर मला पकडायचंच होतं तर कॅलेंडरवर पकडायचं. त्यावर मी खरंच कमी लिहिलं. काम सात दिवसांच्या कॅलेंडरवर आणि झोळी पाच दिवसांच्या कॅलेंडरवर असली तर २६ आठवडे एकीकडे १८२ दिवस दिसतात आणि दुसरीकडे १३०. दोन्ही बार सारख्याच लांबीचे, आकडे वेगळे, आणि तास निघतात ते झोळीच्या कॅलेंडरवरून. रविवारी पंप चालतो पण त्याचे तास मोजले जात नाहीत, असा प्रकार होतो. झोळीचं कॅलेंडर आधार देणाऱ्या माणसाच्या किंवा यंत्राच्या पाळीप्रमाणे लावावं, यावर पुढचा लेख लिहिणार आहे. तुम्ही हे विचारलं नाहीत, तरी सांगून ठेवतो.

बैठकीत मी कुणालाही ‘ज्याला येत नाही तो’ असं म्हणत नाही. नव्या मुलांनाही नाही. तुम्ही एलओई न वापरता चालवलेलं एखादं शेड्यूल असेल तर पाठवा, नावं काढून पाठवा. मला फक्त तीन अपडेट बघायचे आहेत, पहिला, मधला आणि शेवटचा. तिन्हींत पंपाचा बार भरावाबरोबर संपत असेल तर मी या लेखाच्या वर तसं लिहीन. शब्द देतो.

ता. क. : हे लिहून झाल्यावर मूळ लेख पुन्हा उघडला. त्यातल्या चित्रात ऑपरेटरच्या ओळीवर ड्युरेशन टाइप फिक्स्ड युनिट्स दिसतोय. चित्र आज बदलतो. यावर वेगळी प्रतिक्रिया नको.