कथा राहिली, नाव गेलं

चवथीला माझी भाची गोव्यात, डिचोलीला आली होती. आरत्या आटोपल्यावर माझं किंडल, म्हणजे ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, घेऊन कोपऱ्यात बसली आणि तासाभरानं म्हणाली, "मावशी, ही 'कुंती फायनल २' कुणाची गं? काय लिहिलीय!" मला सांगता येईना. चौदा वर्षं ती कथा मी जपलीय, पाच-सहा वेळा वाचलीय, पण ती कुणी लिहिली ते मला माहीत नाही.

२०११ च्या पावसाळ्यात एका साइटवर ती सापडली होती. मजकूर सिलेक्ट केला, वर्डमध्ये चिकटवला, सेव्ह केला. वरचं नाव, तारीख, सुरुवातीची टीप, सगळं सोडून फक्त कथा घेतली. कथाच तर हवी होती! पुढे ती साइट बंद पडली. लिहिणारी बाईच असेल असं धरून मी तिला लेखिका म्हणते खरी, पण तेही अंदाजानंच.

युद्ध संपल्यावर कुंती धृतराष्ट्र-गांधारीबरोबर वनात जायला निघते, त्याच्या आदल्या रात्रीची ही कथा. द्रौपदी तिला विचारते, कर्णाला ज्या पेटीत सोडलं त्या पेटीला मेण कुणी लावलं? महाभारतात कुंतीबरोबर एक दाई होती एवढंच येतं, तिचं नाव येत नाही. कथेत कुंती त्या दाईबद्दल बोलायला लागते ती पहाटेपर्यंत. मेण तापवताना भाजलेली तिची बोटं, पेटीत पाणी शिरू नये म्हणून सांध्यासांध्यावरून तिनं फिरवलेला अंगठा. बस्स, एवढीच कथा.

अशा कथांना, म्हणजे ओळखीची पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या नव्या कथांना, फॅनफिक म्हणतात. फॅनफिक म्हणजे पोरासोरांचं काहीतरी, असं समजणाऱ्यांना मी एवढंच म्हणेन की पेडण्यात दशावतारी काल्याला, म्हणजे तिथल्या लोकनाट्याला, एक रात्र जागा. आख्यान सगळ्यांना पाठ असतं, संवाद मात्र नट उभ्या उभ्या रचतो आणि दुर्योधनाच्या तोंडी असं काही घालतो की शेजारची म्हातारी डोळे पुसते. ओळखीच्या पात्राला नवा प्रसंग द्यायची ही हौस आपल्याकडे फार जुनी आहे.

आता मुद्द्यावर येते. बरीच मंडळी 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या फॅनफिकच्या साइटवरून, म्हणजे एओ३ वरून, कथा उतरवून ई-रीडरवर वाचतात. २००९ पासून ही साइट देणग्यांवर आणि स्वयंसेवकांच्या कष्टावर चालते, एकही जाहिरात नाही. २०१९ मध्ये तिला विज्ञानकथा आणि कल्पनारम्य साहित्यासाठीचा ह्यूगो पुरस्कारही मिळाला. प्रत्येक कथेच्या वर डाउनलोडचं बटण असतं. त्यातलं ईपब घ्या, म्हणजे ज्यात मजकूर पडद्याच्या मापानं बसतो तो फाइलचा प्रकार. सहा इंची पडद्यावर पीडीएफ वाचणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा, अक्षर मोठं केलं की ओळी पडद्याबाहेर जातात. ईपबच्या सुरुवातीला एक पान येतं. त्यावर मूळ दुवा, लेखकानं लावलेले टॅग (कथेत काय आहे ते सांगणाऱ्या चिठ्ठ्या), प्रकाशनाची तारीख, शब्दसंख्या, प्रकरणं, सारांश, टीप, सगळं असतं. पुष्कळ लोक ते पान उलटून पुढे जातात. काही जण फाइल 'स्वच्छ' करायची म्हणून ते काढूनच टाकतात. माझी कळकळीची विनंती आहे, ते पान काढू नका. ती त्या फाइलची जन्मपत्रिका आहे.

मी सगळं कॅलिबरमध्ये ठेवते. ई-पुस्तकं नीट लावून ठेवणारं हे सॉफ्टवेअर फुकट आहे. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये त्याची सुरुवात केली, कारण त्यांचा सोनीचा ई-रीडर लिनक्सवर चालत नव्हता. त्यात फॅनफिकफेअर नावाचं प्लगइन टाकलं की कथेचा दुवा दिल्यावर ती आपोआप उतरते, आणि चालू कथेचं नवं प्रकरण आलं की ते त्याच फाइलला जोडलं जातं. अपूर्ण कथा वाचणाऱ्याला याची किंमत कळेल. '७/?', म्हणजे सात प्रकरणं झाली, एकूण किती ते ठाऊक नाही, असं लिहिलेल्या कथेची वाट मी तीन तीन वर्षं पाहिलीय.

खरी डोकेदुखी टॅगची. एकेका कथेबरोबर तीस-चाळीस टॅग येतात, स्लो बर्न (हळूहळू जुळणारं प्रेम), फिक्स-इट (मूळ कथेतलं बिघडलेलं सावरणारी कथा), अँग्स्ट (मनाची तगमग) आणि मग लेखकाचं स्वगत. दोनशे कथा झाल्या की कॅलिबरच्या टॅगच्या यादीत काही म्हणता काही सापडत नाही. मी पहिल्या पानावरचे टॅग तसेच ठेवते, तो लेखकाचा आवाज आहे. कॅलिबरमध्ये मात्र माझे पाचच ठेवलेत, आणि स्वतःचे दोन कॉलम केलेत, 'कधी उतरवली' आणि 'कुणी सुचवली'. किंडलवर कलेक्शनं, म्हणजे कथांचे गट, हातानंच करावी लागतात, त्यामुळे मालिकेचं नाव आणि क्रमांक मी शीर्षकाच्या आधी येईल असं लावून घेतलंय. प्लगबोर्ड म्हणतात त्या सोयीला. एकदा बसवलं की विसरून जायचं.

'कुणी सुचवली' हा कॉलम मात्र आजीकडून आला. तिची फुगडीच्या गाण्यांची वही अजून आमच्याकडे आहे, बासनात बांधलेली. पानं दमट होऊन चिकटलीत, शाई निळी होती की काळी ते कळत नाही. पण प्रत्येक गाण्याखाली बारीक अक्षरात लिहिलंय, 'साखळीच्या वहिनीकडून', 'पाळण्याच्या दिवशी ऐकलं'. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला जे कळलं ते मला २०११ मध्ये कळलं नाही याचं फार वाईट वाटतं.

एका मेसेजिंग ग्रुपवर मध्यंतरी कुणीतरी 'पाचशे बेस्ट कथा' म्हणून पीडीएफचा गठ्ठा टाकला. एकाही फाइलवर लेखकाचं नाव नव्हतं. मी हरकत घेतली तर उत्तर आलं, "फुकटचंच तर आहे, नावाचं काय?" अहो, फुकट आहे म्हणूनच! या माणसाला पैसा मिळत नाही, मिळतं ते एवढंच, आणि तेही तुम्ही खरवडून काढता?

याची दुसरी बाजूही आहे. एओ३ वर लेखकाला कथा ठेवून आपलं नाव काढून घेता येतं, किंवा कथाच पुसून टाकता येते. त्यामागे कारणं असतात. घरच्यांना कळतं, नोकरीत अडचण येते. अशा वेळी माझ्या प्रतीवर जुनं नाव असलं तरी ते मी कुणाला सांगत नाही आणि ती कथा पुढे पाठवत नाही. माझ्यापुरती ठेवते. पुसलेली कथा वाचकानंही पुसावी असं म्हणणारे आहेत, मला ते पटत नाही. वाचलेलं वाचून झालेलं असतं.

शेवटच्या पानावर एओ३ची एक ओळ असते, आवडली तर येऊन लेखकाला सांगा. डिचोली-पणजी कदंबाच्या बसमध्ये बसून वाचणाऱ्याच्या हातून नेमकं तेच राहून जातं. मी आवडलेली वाक्यं हायलाइट करते, ती किंडलच्या 'माय क्लिपिंग्ज' फाइलमध्ये साठतात, आणि शनिवारी संध्याकाळी ती फाइल उघडून एकेका लेखकाला दोन ओळी लिहिते. एकदा उत्तर आलं की सहा महिन्यांत या कथेवर कुणीच काही बोललं नव्हतं.

कुंतीच्या लेखिकेला मात्र मी काहीच लिहू शकत नाही. कथा इंग्रजीत आहे, बारा-तेरा पानांची, आणि द्रौपदी दिवा लावत नाही, अंधारातच बसून ऐकते, अशी तिची सुरुवात आहे. कुणी ओळखली तर इनबॉक्समध्ये सांगा. नाव उघड नको असेल तर माझा निरोप तेवढा पोचवा, डिचोलीत दोघी जणी ती वाचतात.